८०० हॉर्सपॉवरच्या ५.९ कमिन्सला पिस्टन कोणते घ्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००६ चा डॉज रॅम २५००, आत ५.९ लिटरचं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणारं) कमिन्स डिझेल इंजिन. मोठे इंजेक्टर आणि मोठा टर्बो बसवल्यावर दीड वर्षात सहाव्या सिलिंडरचा पिस्टन गेला. ब्लॉक मशीन शॉपमध्ये आहे, बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवावं लागणार. चाकांवर ८०० हॉर्सपॉवर हवी. एरवी गाडी रोज कामावर जाते, मधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर जाते आणि वर्षातून चार-पाच वेळा १२,००० पौंडांचा कॅम्पर ओढत टेक्सासहून कोलोरॅडोला जाते. सगळे सांगतात, "आता फोर्ज्डच घाल." तर फोर्ज्डमध्ये, म्हणजे ठोकून घडवलेल्या पिस्टनमध्ये, कोणत्या कंपनीचे घ्यायचे?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी भोसरीत बोअरिंग मशीनवर काम शिकलो आणि गेली बावीस वर्षं इंडियाना राज्यात कोलंबसजवळ एका मशीन शॉपमध्ये डिझेल इंजिनं बांधतो. कमिन्सचा जन्म १९१९ साली याच गावातला, आणि १९६२ पासून तिचं पुण्याशी नातं आहे, त्यामुळे इथल्या किराणा दुकानात मराठी ऐकू आली तर कोणी वळून बघत नाही. मी कंपनीचा माणूस नाही. लोक कंपनीचं इंजिन मोडून माझ्याकडे आणतात, तेवढाच आमचा संबंध.

कंपनी कोणती, हे मी अगदी शेवटी ठरवतो. तुमच्या प्रश्नातला ८०० हा आकडासुद्धा मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो असा: पाय पूर्ण दाबलेला असताना सलग किती वेळ? स्पर्धेत स्लेड, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, ओढणारा ट्रक ३०० फूट जातो, काही सेकंदांत खेळ खलास. तुमचा ट्रक ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल साधारण बारा सेकंदांत संपवेल. पण कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर सिल्व्हरथॉर्न सोडून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढायला लागलात की ७ टक्क्यांपर्यंतची चढण आणि जवळपास आठ मैल. ताशी ५५ मैलांनी गेलात तरी नऊ मिनिटं. बारा सेकंदांत पिस्टनचा माथा तापतो, पण बाकीचं धातू अजून मागेच असतं. नऊ मिनिटांत सगळा पिस्टन, रिंगा, तेल, कूलंट, सगळंच आपल्या कायमच्या तापमानाला पोचतं आणि तिथेच राहतं. या दोन कामांचे पिस्टन वेगळे असतात. तुम्हाला एकाच संचात दोन्ही हवंय, खरी अडचण ती आहे.

गंमत अशी की त्या चढणीवर ८०० हॉर्सपॉवर लागतच नाहीत. ट्रक आणि कॅम्पर मिळून १९-२० हजार पौंड धरा. ७ टक्के चढण, ५५ मैल वेग, वाऱ्याचा आणि टायरांचा विरोध धरून हिशेब केला तर ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास येतो. मूळ इंजिन ३२५ चंच होतं आणि ते हे काम करत होतं. मग मोठं इंजिन तिथे का वितळतं? कारण ११,००० फुटांवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण तीस टक्के विरळ असते, आणि ८०० साठी निवडलेला टर्बो ३०० च्या मागणीला, २,००० च्या आसपासच्या आरपीएमला अर्धवट झोपेत असतो. हवा कमी, इंजेक्टर मात्र तिप्पट इंधन द्यायला तयार. टर्बोच्या आधी मोजलेलं एक्झॉस्टचं तापमान, ज्याला सगळे ईजीटी म्हणतात, ते १,३०० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ७०० सेल्सिअसच्या पलीकडे जातं आणि खाली यायचं नाव घेत नाही. लहानपणी खंबाटकीच्या चढणीला बॉनेट उघडून, रेडिएटरवर पाणी ओतत उभे असलेले ट्रक बघितलेत ना? तेव्हा निदान वाफ दिसायची. पिस्टनच्या माथ्यावरची उष्णता दिसत नाही, गेजवर वाचावी लागते.

म्हणून नवे पिस्टन घेण्याआधी मेलेल्याचा पंचनामा करा. तुमच्या मजकुरात "पिस्टन गेला" एवढंच आहे. कसा गेला, त्यावर निम्मं उत्तर ठरतं.

माथ्यावरचा जो खळगा, ज्याला आपण बाउल म्हणतो, त्याच्या काठावर गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या खिळीच्या) रेषेत चीर गेली असेल तर ती उष्णता आणि दाबाच्या थकव्याची चीर आहे. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेलच्या एलबीझेड आणि एलएमएम पिढीचे पिस्टन पिनच्या रेषेत फुटण्यासाठी बदनाम आहेत, आणि फोर्डच्या ६.४ मध्ये बाउलच्या ओठाला चिरा जाणं नेहमीचं. अशी चीर असेल तर पिस्टन खरोखर कमी पडला. पण काठाचा एकच तुकडा, इंजेक्टरच्या एका फवाऱ्याच्या बरोबर समोर, मेणासारखा वितळलेला असेल, तर गुन्हेगार नोझल आहे. तिथे तुम्ही जगातला सर्वांत महाग पिस्टन घातलात तरी तो त्याच जागी वितळेल, फक्त बिल मोठं येईल. स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरावर, उभे ओरखडे, चारही कोपऱ्यांना जास्त, असतील तर पिस्टन आणि बोअरमधली फट, म्हणजे क्लिअरन्स, कमी होता किंवा कूलिंग कमी पडलं. रिंगांच्या मधली पट्टी तुटून वर उचलली गेली असेल तर रिंगचा गॅप बघा, तापल्यावर टोकं एकमेकांना भिडली असतील. माझ्याकडे "पिस्टन खराब निघाला" म्हणून येणाऱ्यांत नोझल आणि ट्यूनिंगचेच (इंजिनाच्या संगणकातले इंधनाचे आकडे बदलण्याचेच) बळी जास्त असतात. इंजेक्टर सहाच्या सहा बेंचवर तपासून घ्या, फक्त सहावा नव्हे. आणि ट्यून करणाऱ्याला विचारा की तो इंधन किती उशिरापर्यंत सोडतोय. पिस्टन खाली निघाल्यावर जळणारं डिझेल ताकद थोडी आणि उष्णता फार देतं.

हे झालं की मग धातूचा प्रश्न. इथे "कास्ट म्हणजे स्वस्त, फोर्ज्ड म्हणजे भारी" ही जी समजूत आहे, ती पेट्रोल रेसिंगमधून आलीय, आणि डिझेलमध्ये ती अर्धीच खरी आहे.

तुमच्या इंजिनातून जो कारखान्याचा कास्ट, म्हणजे ओतीव, पिस्टन निघाला, तो कापून बघा एकदा, डोळे उघडतील. ॲल्युमिनियममध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन, म्हणजे गरम झाल्यावर कमी फुगणारा आणि लवकर न झिजणारा धातू. वरच्या रिंगच्या खाचेत निकेलयुक्त बिडाचं कडं ओतीव कामातच पक्कं बसवलेलं असतं, कारण नुसत्या ॲल्युमिनियमची खाच डिझेलच्या माराखाली ढिली होते. आणि रिंगांच्या मागे, माथ्याच्या आत, तेल फिरण्यासाठी एक पोकळ वळसा असतो, त्याला गॅलरी म्हणतात. ओतताना तिथे मिठाचा गाभा ठेवतात आणि नंतर पाण्याने विरघळवून काढून टाकतात. खालून जेट त्या गॅलरीच्या तोंडात तेल मारतो, आणि पिस्टन वर-खाली होताना ते तेल आत ताक घुसळल्यासारखं उसळत राहतं आणि उष्णता घेऊन बाहेर पडतं. नऊ मिनिटांच्या चढणीवर तुमचा जीव वाचवते ती ही गॅलरी.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फोर्ज्ड ॲल्युमिनियम पिस्टनमध्ये ही गॅलरी नसते, आणि बिडाचं कडंही नसतं. ठोकून घडवलेल्या धातूत मिठाचा गाभा ठेवता येत नाही, इतकं साधं कारण आहे. त्याबदल्यात मिळतं ते दाणेदार, न चिरणारं बळ. २६१८ या मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नसतंच. तो वाकेल, दबेल, पण काचेसारखा फुटणार नाही. ४०३२ मध्ये पुन्हा १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन, म्हणून तो थोडा कडक आणि कमी फुगणारा. फुगण्याचा हिशेब हाताशी ठेवा: १०२ मिलिमीटरचा पिस्टन १०० सेल्सिअसने तापला तर २६१८ चा व्यास सुमारे ९ थाऊ वाढतो, ४०३२ चा ८ च्या जरा आत, आणि स्टीलचा ५ च्या आसपास. म्हणून २६१८ ला बोअरमध्ये जागा जास्त द्यावी लागते, आणि सकाळी थंड इंजिन सुरू केलं की तो बोअरच्या भिंतींवर टकटक वाजतो. ड्रॅगवाल्याला त्याचं काही वाटत नाही. रोज पहाटे पाच वाजता गाडी काढणाऱ्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला वाटतं.

याबाबतीत मी स्वतः हात पोळून घेतलेत. गवताच्या गाठी वाहणारा एक शेतकरी, तुमच्यासारखंच इंजिन, ७०० च्या आसपास ताकद. त्याने कुठेतरी ऐकलं होतं, फोर्ज्डच पाहिजे. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा "बरं" म्हटलं आणि २६१८ चा संच घातला. गाडी पळाली झकास. दोन वर्षांनी तेल पिऊ लागली, क्रँककेसमधून धूर. उघडलं तर वरच्या रिंगची खाच ठोकली जाऊन इतकी रुंद झालेली की रिंग हाताने हलत होती. पिस्टनचा दोष नव्हता, तो वर्षाकाठी काही तासांच्या शर्यतीसाठी बनवलेला होता आणि मी त्याला गवत वाहायला लावलं. दुसऱ्यांदा इंजिन उघडल्याची मजुरी मी घेतली नाही.

मग फोर्ज्ड घालायचे कधी? जेव्हा दाब आणि वेग दोन्ही मूळ मर्यादेच्या फार पलीकडे जातात. दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: सिलिंडरमध्ये २०० बार, म्हणजे २,९०० पीएसआय झाले, की १०२ मिलिमीटरच्या माथ्यावर साडेसोळा टनांचा भार येतो, प्रत्येक पॉवर स्ट्रोकला. १,२०० हॉर्सपॉवरची गाडी, टायमिंग पुढे ओढलेलं, दाब याहून वर, तर कास्ट पिस्टनचं पिनचं घर आणि बाउलचा ओठ तिथे टिकत नाही. वेगाचंही तसंच. मूळ इंजिन ३,२०० च्या आसपास थांबतं. ४,५०० ला नेलंत की पिस्टनला वर थांबवून परत खाली ओढण्याचं बळ जवळपास दुप्पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. इंडियानापोलिसला अल्टिमेट कॉलआउट चॅलेंज या डिझेल ट्रकांच्या स्पर्धेत जे ट्रक येतात, त्यांच्यासाठी हा सगळा हिशेब आहे. तिथून परतताना प्रत्येकाला वाटतं आपल्यालाही तेच हवं. स्पर्धेतल्या गाडीचं इंजिन हंगामात किती वेळा उघडतात, हे मात्र कोणी विचारत नाही.

तिसरा रस्ता स्टीलचा. जड ट्रकांच्या इंजिनांत तो केव्हाचाच रुळलाय, आणि फोर्डने २०२० च्या ६.७ पॉवर स्ट्रोकमध्ये कारखान्यातूनच स्टीलचे पिस्टन दिले. ॲल्युमिनियम ३०० सेल्सिअसच्या वर झपाट्याने मऊ पडतं, स्टीलला तिथे घामही येत नाही. फुगतं कमी, म्हणून क्लिअरन्स घट्ट ठेवता येतो आणि आवाज नसतो. पण स्टील उष्णता वाहून नेण्यात मंद; माथ्यावरची उष्णता तिथेच साठते आणि ती काढायची जबाबदारी सगळी तेलावर. जेट थोडा जरी वाकडा असला किंवा तेल बदलायला उशीर केलात, तर गॅलरीत तेल जळून कोळसा धरतो. पैसे सोडायची तयारी असेल आणि गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची असेल, तर ओढकामासाठी मला स्टील आवडतं. मात्र तुमच्या ब्लॉकला, तुमच्या जेटला आणि तुमच्या बाउलला जुळणारा संच आहे याची खात्री विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आता बाउलबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या गाडीच्या बाबतीत माझ्या मते धातूइतकंच हे महत्त्वाचं आहे आणि तुम्ही ते विचारलेलंच नाही. ५.९ कॉमन रेलचे दोन प्रकार आहेत. २००३ पासून २००४ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनात नोझलचा फवारा १४३ अंशांचा, आणि बाउल त्याला साजेसा. २००४ च्या मध्यापासून २००७ पर्यंत फवारा १२४ अंशांचा झाला, म्हणजे जास्त खालच्या दिशेने, आणि बाउलही बदलला. तुमचा २००६ चा, म्हणून दुसऱ्या प्रकारातला. जास्त ताकदीसाठी बरेच बिल्डर, मीसुद्धा, आधीच्या प्रकारचा बाउल आणि १४३ अंशांची नोझल घेतो. माझ्या अनुभवात त्यात मोठ्या इंधनाला काठाचा त्रास कमी होतो. पण घ्यायचं तर दोन्ही एकत्र घ्या. नव्या बाउलमध्ये जुना फवारा किंवा उलट केलंत, तर डिझेल बाउलच्या पोटात जाण्याऐवजी काठावर आदळतं किंवा काठ ओलांडून भिंतीवर जातं. काठ वितळतो, भिंतीवरचं तेल धुऊन निघतं, आणि डिपस्टिकवर डिझेलचा वास येतो. तुमच्या "मोठ्या इंजेक्टर"च्या नोझलचा कोन काय आहे? विकणाऱ्याला विचारा. त्याला सांगता आला नाही, तर सहावा पिस्टन का गेला याचा एक संशयित सापडला समजा. इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर चुकीच्या जाडीचं असलं तरी फवारा वर-खाली होतो, तेही मोजा.

बाउलचा ओठ कापणे, इंग्रजीत ज्याला डी-लिपिंग म्हणतात, हा प्रकार मला पटतो. कारखान्याच्या बाउलला आत वळलेला धारदार काठ असतो. हवा आणि इंधन नीट मिसळावं आणि धूर कमी व्हावा म्हणून तो ठेवलेला असतो. पण तीच पातळ धार सगळ्यांत आधी तापते आणि तिथूनच चीर सुरू होते. ती कापून गोल केली की पिस्टनचं आयुष्य वाढतं. किंमत म्हणून धूर किंचित वाढतो आणि कॉम्प्रेशन थोडं उतरतं.

कॉम्प्रेशनचं गणित तर फार नाजूक आहे. तुमच्या इंजिनाचं मूळ प्रमाण १७.२ ला १. एका सिलिंडरची क्षमता ९८० सीसीच्या आसपास, म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा जेमतेम ६० सीसी. १७.२ वरून १६ वर यायला फक्त ५ सीसी जास्त लागतात. चहाचा एक चमचा! म्हणून बाउलमधून कोणी "थोडंसं" धातू काढलं की सहाही पिस्टन मोजून बघावे लागतात. काचेची पट्टी, ब्युरेट आणि अर्धा तास. ८०० साठी मी १६ ते १६.५ च्या दरम्यान राहीन. बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेला हवेचा दाब, भरपूर असताना कमी कॉम्प्रेशनमुळे कमाल दाब आटोक्यात राहतो आणि हेड गास्केट शांत झोपतं. त्याहून खाली, १५ कडे गेलात, तर टेक्सासमध्ये चालून जाईल, पण कोलोरॅडोत जानेवारीच्या सकाळी पांढरा धूर आणि खोकला ऐकायची तयारी ठेवा. आणि कॉम्प्रेशन उतरवायला जाड गास्केट घालू नका. २० थाऊ जाड गास्केटने प्रमाण साधारण एकने उतरतं हे खरं, पण पिस्टन आणि हेड यांच्यातली फट वाढते, हवेचा जो दाबून बाउलमध्ये ढकलला जाणारा झोत असतो तो मरतो, आणि इंधन आळशीपणे जळतं. कॉम्प्रेशन बाउलमध्येच उतरवावं.

मशीन शॉपला सांगायच्या गोष्टी. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर शेवटच्या मापाला नेऊ देऊ नका. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने, बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर मोजायचा आणि त्याप्रमाणे बोअर होन करायचा, म्हणजे घासून शेवटच्या मापाला आणायचा. होनिंग करताना टॉर्क प्लेट (हेडऐवजी ब्लॉकवर आवळायची जाड पट्टी) लावलीच पाहिजे, आणि जे हेड स्टड शेवटी घालणार तेच, तेवढ्याच टॉर्कला. या ब्लॉकला वेगळी स्लीव्ह नाही, बोअर ब्लॉकमध्येच आहे, आणि मोठे स्टड आवळले की भिंती हलतात. प्लेटशिवाय गोल दिसणारं बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. वरच्या रिंगचा गॅप बोअरच्या दर इंचाला ५ ते ६ थाऊ, म्हणजे तुमच्या मापाला २० ते २४. पिस्टनबरोबरच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर कागद खरा. ब्लॉकचा माथा घासला असेल तर पिस्टन किती वर येतो ते सहाही ठिकाणी मोजा, आणि डायलचं टोक पिनच्या रेषेवर ठेवा, नाहीतर पिस्टन डुलतो आणि खोटं माप मिळतं. पिस्टन सगळ्यांत खाली असताना स्कर्ट आणि तेलाचा जेट यांच्यात जागा आहे का, आणि जेट गॅलरीच्या तोंडावर बरोबर रोखलाय का, हे हेड बसवण्याआधी हाताने क्रँक फिरवून बघा. शॉपवाल्याने बॉबवेटचे (क्रँक बॅलन्स करताना लावायच्या नकली वजनांचे) पैसे लावले तर हसून नको म्हणा. सरळ सहा सिलिंडरच्या क्रँकला ते लागत नाहीत, सहा पिस्टन आणि रॉड वजनाला सारखे केले की झालं. व्ही-८ ची गोष्ट वेगळी.

माथ्यावर सिरॅमिकचा लेप आणि स्कर्टवर कोरडा वंगण लेप, दोन्ही मी घेतो. पहिल्याने उष्णता आत शिरायला थोडी अडते, दुसऱ्याने थंड सुरुवातीला ओरखडे वाचतात. पण लेपाने चुकीचा पिस्टन बरोबर होत नाही.

तर तुमच्या जागी मी काय घेईन? गॅलरी आणि बिडाचं कडं असलेला, चांगल्या उत्पादकाचा कास्ट पिस्टन, २० थाऊ मोठा, बाउल आधीच्या प्रकारचा, ओठ कापून गोल केलेला, लेप दिलेला, १६.५ च्या आसपास कॉम्प्रेशन, त्याला जुळणारी १४३ अंशांची नोझल. जाड भिंतीची गजन पिन. चाकांवर ८०० ला, शहाणं ट्यूनिंग असेल तर, हा संच टिकतो; माझ्याकडून गेलेल्या अशा गाड्या अजून ट्रेलर ओढतायत. फोर्ज्डचे दुप्पट-तिप्पट पैसे वाचतील, ते दोन टर्बोंच्या कंपाउंड सेटअपमध्ये घाला. लहान टर्बो चढणीवर लवकर जागा होतो, मोठा स्ट्रिपवर काम करतो, आणि त्या नऊ मिनिटांत पिस्टनला खरी मदत हवेचीच होते. ओढकामासाठी वेगळं, कमी इंधनाचं ट्यून ठेवा आणि ट्रेलर जोडला की आधी ते निवडा. ईजीटी गेज डोळ्यांसमोर, १,२५० फॅरनहाइटला पाय सैल, एक गिअर खाली.

हे उत्तर कशाने बदलेल तेही सांगतो. ओढायचं बंद करून ४,००० च्या वर आरपीएम आणि हजाराच्या पुढची ताकद हवी असेल, तर २६१८, आणि मग रॉड, हेड, सगळंच बदलायचं. ट्रेलर वाढून रोजचा धंदा होणार असेल तर स्टील, आणि ८०० चं वेड सोडा, ५०० पुरे. आणि पंचनाम्यात नोझल दोषी निघाली तर पिस्टनच्या आधी इंजेक्टरचा खर्च धरा.

पुढे लिहाल तेव्हा सहाव्या पिस्टनच्या माथ्याचा वरून एक आणि पिनच्या बाजूने एक, असे दोन फोटो टाका, नोझलचा कोन आणि ट्यूनमधला जास्तीत जास्त इंजेक्शनचा काळ लिहा. बाकीचे पाच पिस्टनही काढल्या क्रमाने, नंबर टाकून ठेवा. शॉपवाला भंगारात टाकायला निघेल, टाकू देऊ नका. पाचव्याच्या काठावर केसाएवढी चीर दिसली तर मला आधी ती बघायचीय.